सोमवारी इंजिन रुसतं

नारायणगावात जुन्या हायवेला लागून एक पाटी होती : 'वली ट्युनिंग वर्क्स. फक्त जर्मन गाड्या.' ज्या साली ती पाटी लागली त्या साली जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत मिळून चार जर्मन गाड्या होत्या. त्यांतल्या एकीला चाकं नव्हती आणि तिच्यात कोंबड्या राहत होत्या. म्हणजे धंद्याला गिऱ्हाइकं तीन. तरी वली उस्तादांनी पाटी बदलली नाही. टोमॅटोचा पिकअपवाला यायचा, म्हणायचा, "उस्ताद, जरा कार्बोरेटर बघा की. लई धूर मारतोय." उस्ताद चष्मा कपाळावर चढवून आधी पिकअपकडं बघायचे, मग पाटीकडं.

"जर्मनीहून आणलीय का?"

"न्हाई, मंचरहून."

"मग मंचरला दाखव."

पुढं नाव झालं. पुण्याहून, नाशकाहून, पार मुंबईहून लोक जुन्या मर्सिडीज आणि फोक्सवॅगन घेऊन यायला लागले. उस्तादांना जर्मन भाषा येते अशी गावात वदंता होती, कारण दुकानात फडक्यात बांधलेलं एक जाडजूड जर्मन पुस्तक होतं. एकदा शिवनेरी बघायला आलेल्या एका खऱ्याखुऱ्या जर्मन माणसाला लोकांनी हाताला धरून दुकानात आणलं. तो अर्धा तास जर्मनमधून बोलला, उस्ताद अर्धा तास मराठीतून बोलले. जाताना त्यानं उस्तादांचे दोन्ही हात धरले. नंतर कुणीतरी विचारलं, काय म्हणत होता? उस्ताद म्हणाले, "त्याचंबी हेच म्हणणं हाय, की व्हॉल्व्ह गार इंजिनावरच लावावं."

चिमाजीला हे सगळं तोंडपाठ होतं. पहिल्या तीन गिऱ्हाइकांतलं एक त्याच्या ताब्यात होतं ना. चिमाजी महाळुंगे पडवळचा. गावातल्या डॉक्टरांकडं तो कंपाउंडर म्हणून लागला आणि पहिल्याच महिन्यात त्यांचा ड्रायव्हर झाला. डॉक्टरांना कुठलीही शीर पहिल्या फटक्यात सापडायची, रिव्हर्स गिअर मात्र सापडायचा नाही. गाडी होती पिस्ता रंगाची बीटल. पाठ कासवासारखी, इंजिन मागं, डिकी पुढं. डॉक्टर जाऊन नऊ वर्षं झाली होती. चिमाजी चौसष्टचा झाला होता, आणि दर रविवारी बंगल्याच्या शेडमध्ये जाऊन तो गाडी दहा मिनिटं चालू ठेवायचा. कुणी सांगितलं नव्हतं. कुणी बंदही करायला सांगितलं नव्हतं.

मंगळवारी डॉक्टरांच्या मुलीचा, मोहिनीताईचा, पुण्याहून फोन आला.

"चिमाजीकाका, बंगला गेला एकदाचा. रविवारी किल्ल्या द्यायला येतेय. गाडीचंही तेव्हाच उरकू."

"गाडी न्हेनार का ताई?"

"धड चालत असेल तर नेणार. मी चालवीन. पण मागच्या खेपेला तिच्यात बसले, तर माझे दात वाजत होते हो. अजून तशीच असली, तर हौशीरामला हो म्हणून सांगते."

हौशीराम म्हणजे हायवेवरचा मिसळवाला. त्याला ती गाडी काउंटर म्हणून पाहिजे होती. तो दोनदा टेप घेऊन येऊन मापं घेऊन गेला होता. इंजिन काढून तिथं गॅसची टाकी, पुढच्या डिकीत फरसाण, टपाला भोक पाडून तर्रीच्या पातेल्याची वाफ बाहेर. "चिमाजीभाऊ," तो गाडीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला होता, "ही गाडी मिसळीसाठीच बनवल्याली हाय. जर्मन लोकांच्या ध्यानात आलं न्हाई, एवढंच."

फोन ठेवल्यावर चिमाजी शेडमध्ये गेला. गाडी चालू केली. ती चालू झाली आणि नेहमीप्रमाणं थरथरायला लागली, थंडीताप आल्यासारखी. आरसा हलत होता. आरशात चिमाजीही हलत होता. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की ती दोन आचके देऊन बंद पडायची. नारायणगावातल्या एका शिकलेल्या मेकॅनिकला त्यानं मागं दाखवली होती. त्यानं लॅपटॉपची वायर घेऊन गाडीभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या, आणि वायर कुठंच लागत नाही म्हटल्यावर गाडीला नमस्कार केला.

हा थरथराट घालवणारा माणूस एकच होता. आणि त्याचं दुकान बंद पडलं होतं ते चिमाजीच्या एका वाक्यानं.

त्याचं असं झालं. काम पुरं झालं की उस्ताद चहा मागवायचे. काठोकाठ भरलेला काचेचा ग्लास चालू इंजिनावर, एअर क्लीनरच्या डब्यावर ठेवायचे, आणि चहावर साय धरेपर्यंत सगळ्यांनी गप उभं राहायचं. सायीला सुरकुती पडली, तर काम परत पहिल्यापासून. नाही पडली, तर गाडी पास, आणि तो चहा मालकानं प्यायचा. गार झालेला, पेट्रोलचा वास लागलेला. नाशिकच्या पारशी साहेबांपासून चिमाजीच्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांनी तो प्यायला होता. मधुमेह आहे म्हणून एकानं नको म्हटलं, तर उस्तादांनी त्याची गाडी तीन दिवस दिली नव्हती.

बावीस वर्षं असं चाललं. मग चौदा वर्षांमागं, दिवाळीनंतर, डॉक्टरांची बीटल सर्व्हिसिंगला गेली. उस्तादांनी लावली, सुरकुती पडली. परत लावली, परत पडली. तिसऱ्या दिवशी साय कशीबशी सपाट राहिली, डॉक्टरांनी चहा प्यायला, पण खोडदच्या फाट्यापर्यंत जाईस्तोवर चिमाजीच्या पायाला कळलं. तो गाडी वळवून परत आला. उस्ताद हात पुसत होते.

"उस्ताद," चिमाजी म्हणाला, "अजून थरथरतीया."

दुसऱ्या दिवशी पाटी उतरली होती. लोकांना त्यांनी दोनच शब्द सांगितले, "कान गेला." आणि जुन्नरला घरी जाऊन बसले, ते आजतागायत.

बुधवारी सकाळी चिमाजी जीपमध्ये अकरावा माणूस म्हणून बसून जुन्नरला गेला. उस्ताद खाटेवर बसले होते. वय एकोणऐंशी, दाढी पांढरी, बोटं मात्र अजून काळी. चौदा वर्षांत ग्रीस निघालं नव्हतं, किंवा त्यांनी निघू दिलं नव्हतं.

"उस्ताद, शेवटचं एकदा बघा. न्हाईतर हौशीराम तिच्यात मिसळ लावनार."

"मिसळ चांगली करतो का?"

"चांगली करतो."

"मग लाव म्हनाव. गाडीचं नाव तरी निघंल." उस्तादांनी तोंड भिंतीकडं केलं. "माजा कान गेला, चिमाजी. तूच तर सांगितलं व्हतं."

चिमाजी उठला. अनवरीभाभी, उस्तादांची बायको, त्याला दारापर्यंत सोडायला आली.

"भाऊ, मनाला लावून घेऊ नका. रोज सांगतात, अनवरी, पंख्याची बेरिंग गेलीय, आवाज येतोय. वर बघावं तर पंखा बंद असतो."

नारायणगावात महाळुंग्याची जीप भरेपर्यंत चिमाजी उस्तादांच्या जुन्या दुकानासमोर उभा राहिला. तिथं आता केकचं दुकान होतं. जिथं गाड्यांचे बॉनेट उघडायचे, तिथं काचेमागं एक गुलाबी केक होता आणि त्यावर 'भावी सरपंच' असं लिहिलेलं होतं. शेजारची लंकाबाईची गिरणी मात्र होती. दुकानाची आणि गिरणीची भिंत एकच. दारात लंकाबाई बसली होती, सगळी पांढरी. ती म्हातारपणानं किती आणि पिठानं किती, हे सांगणं अवघड होतं.

"चिमाजी का रं? बस की. च्या घे."

"जीप भरंल, मावशी."

"न्हाई भरत. बुधवार हाय."

बुधवारचा आणि जीपचा काय संबंध ते चिमाजीला कळलं नाही, पण तो बसला. आत विजेची मोटार घुं घुं करत होती, फ्रिजसारखी. पूर्वी इथं बसलं की बोलणं ऐकू यायचं नाही. डिझेलवरचं मोठं इंजिन होतं, आणि त्याचं पुक, पुक, पुक बाजारापर्यंत जायचं.

"गिरण सोमवारी बंदच असती का अजून?" काहीतरी बोलायचं म्हणून चिमाजीनं विचारलं.

"सासऱ्याच्या टायमापास्नं. सोमवारी दगड टाकीनं टोचून घ्यायचा, आन् म्हादेवाला जायचं. उस्तादांचाबी सोमवार असायचा की. मीच तर खिचडी द्यायचे."

ही खिचडीची गोष्ट सगळ्या नारायणगावाला माहीत होती. वली उस्ताद सोमवारी कुठल्याही गाडीला हात लावायचे नाहीत. कारण विचारलं की म्हणायचे, "सोमवारी इंजिन रुसतं. सूर लागत न्हाई." लोकांनी त्याचा अर्थ त्यांच्या परीनं लावला. उस्ताद सोमवार धरतात, पण जातीनं मुसलमान असल्यामुळं उघड बोलत नाहीत. मग कुणाला अवघडायला नको म्हणून आजूबाजूच्या बायकांनी गुपचूप साबुदाण्याची खिचडी पाठवायला सुरुवात केली. पहिल्या सोमवारी उस्तादांना कळेना, पण भूक लागली होती. दुसऱ्या सोमवारी नको म्हणणं बरं दिसेना. अशी बावीस वर्षं गेली. श्रावणात तर चार-चार घरनं यायची.

चिमाजीच्या हातातला चहा तसाच राहिला. त्यानं भिंतीकडं बघितलं. मग मोटारीकडं. मग परत भिंतीकडं. सोमवारी गिरणी बंद. सोमवारी उस्तादांना सूर लागत नाही.

"मावशी, ही मोटार कधी बसवली?"

"झाली की चौदा वर्सं. त्या साली दिवाळीच्या आदल्या म्हैन्यात. पोरगं म्हनलं डिझेल परवडत न्हाई."

"आन् जुनं इंजिन?"

"निमगाव साव्याच्या भिमाजीनं न्हेलं. मिरची कांडतो त्याच्यावर. का रं? तुझा च्या गार व्हतोय."

चहावर साय आली होती. अगदी सपाट. चिमाजी घटाघटा प्यायला आणि परत जुन्नरच्या जीपमध्ये चढला. त्याच्या मागून महाळुंग्याची जीप भरून निघून गेली.

या खेपेला तो उस्तादांशी बोललाच नाही. अनवरीभाभीशी बोलला, मागच्या दारी, पाच मिनिटं. भाभीनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "मिरची किती घेऊ?"

गुरुवारी सकाळी भाभीनं घरात जाहीर केलं की, मिरची कांडायची तर निमगाव साव्यालाच, दुसरीकडं रंग उडतो, आणि बाईमाणसानं एकटं एवढ्या लांब कसं जावं. दोघं जीपनं नारायणगावापर्यंत आले. तिथं चिमाजी बीटल घेऊन उभा होता. उभा म्हणजे, चौकात गोल गोल फिरत होता. थांबला की गाडी बंद पडणार होती. उस्ताद आणि भाभी तिसऱ्या फेरीला चालत्या गाडीत चढले.

"ही तीच ना?" उस्तादांनी विचारलं.

"तीच."

उस्तादांनी उपरणं कानाला गुंडाळलं. निमगावापर्यंत मग कुणी बोललं नाही. बोललं असतं तरी थरथरीत शब्दाचे तुकडे पडले असते.

भिमाजीची शेड गावाबाहेर, पत्र्याची. चिमाजीनं गाडी अगदी शेडच्या भिंतीला चिकटवून लावली आणि ॲक्सिलरेटरवर पाय दाबून ठेवला. भाभी पिशवी घेऊन आत गेली. उस्ताद मागच्या सीटवर तसेच.

"बंद कर ती," ते म्हणाले. "ऐकवत न्हाई."

"तापल्यावर बंद केली तर परत चालू व्हायची न्हाई, उस्ताद."

आत भिमाजीनं हँडल मारलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा इंजिनानं घसा खाकरला, आणि मग पत्रा, जमीन, गाडीच्या सीटा, सगळं त्या आवाजात आलं. पुक. पुक. पुक. पाठोपाठ मिरचीची पूड हवेत उठली आणि बाहेर वाट बघत बसलेल्या सहा बाया रांगेत शिंकल्या.

उस्ताद शिंकले नाहीत. त्यांनी कानावरचं उपरणं सोडलं. आरशातून चिमाजीला त्यांचा हात दिसत होता. गाडीच्या ठोक्यांबरोबर अंगठा बोटांच्या पेरांवरून पुढं सरकत होता, जपमाळ ओढल्यासारखा. एका पुकात एक, दोन, तीन, चार, आणि पाचवं पेर यायच्या आत पुढचा पुक. परत पहिल्यापासून.

"हे इंजिन कुटलं?" उस्तादांनी विचारलं.

"लंकाबाईचं."

आत इंजिन चालू होतं.

"लंकाबाईची गिरण सोमवारी बंद असायची," ते म्हणाले.

"व्हय."

"आन् सोमवारी मला खिचडी यायची."

"व्हय, उस्ताद."

यानंतर वली उस्ताद बराच वेळ समोरच्या सीटच्या पाठीकडं बघत राहिले. एवढ्या वेळात भिमाजीची दोन किलो मिरची झाली.

"मंजे," ते शेवटी म्हणाले, "बावीस वर्सं म्या जर्मनीच्या गाड्या लंकाबाईच्या गिरणीवर लावत व्हतो."

"तसंच म्हनावं लागंल."

"पुन्याच्या लोकांच्याबी?"

"मुंबईच्याबी."

उस्तादांचे खांदे हलायला लागले. चिमाजी घाबरून मागं वळला. उस्ताद हसत होते, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी काढत. ते पाणी मिरचीचंही असेल. "आन् तू म्हनला अजून थरथरतीया, आन् म्या कानाला दोष दिला. अरं, गवई तंबोऱ्याबिगर बसला व्हता!" मग त्यांनी दार उघडलं. "पेचकस हाय का?"

चिमाजीकडं होता, पण चालला नसता. तेवढ्यात भाभी शेडमधून नाकाला पदर लावून आली. मिरचीच्या पिशवीत तळाशी हात घालून तिनं एक फडकं काढलं. त्यात उस्तादांचा जुना, लाकडी मुठीचा पेचकस होता.

"चौदा वर्सं हे पिठाच्या डब्यात व्हतं," ती म्हणाली. "फेक म्हनले व्हते. मी कशाला फेकू?"

उस्ताद पाठीमागचं झाकण उघडून इंजिनापुढं उकिडवे बसले. डावा हात भिंतीच्या पत्र्यावर, उजव्या हातात पेचकस. स्क्रू पाव फेरा आत, केसभर बाहेर. मध्ये एकदा शिंक आली तेव्हा त्यांनी पेचकस काढून घेतला, शिंकले, आणि होता तिथं परत लावला. "पाय काढ," ते म्हणाले. चिमाजीनं भीतभीत पाय उचलला. गाडीनं एक आचका दिला. दुसरा दिला नाही. एका पुकात आता पाच बसत होते, बरोबर पाच, आणि आरसा हलायचा थांबला होता. आरशातला चिमाजीही.

"च्या सांगा," उस्ताद म्हणाले.

पहिल्या ग्लासावर साय धरली आणि भिमाजी शिंकला. सुरकुती पडली. उस्तादांनी चहा ओतून टाकला.

"गाडीची न्हवती ती, भिमाजीची व्हती," चिमाजी म्हणाला.

"सुरकुती ती सुरकुती."

दुसऱ्याला रांगेतली एक बाई शिंकली. तिसऱ्या ग्लासाला भिमाजीनं सगळ्यांना शेतात पन्नास पावलं लांब उभं केलं. मोठं इंजिन बंद केलं. बीटल एकटीच चालू राहिली, आणि साय अशी धरली की तिच्यावर माशी बसली असती तर तिला कळलं नसतं की खाली गाडी आहे. उस्तादांनी वाकून बघितलं. मग ग्लास उचलून चिमाजीपुढं धरला.

"गाडी माझी न्हाई, उस्ताद. मालकानं प्यायचा."

"धा मिन्टं दर रविवारी कोन बसायचं तिच्यात? पी."

चिमाजी प्यायला. गार, पेट्रोलचा वास, आणि वरून मिरची. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. कुणाला कारण विचारायची गरज पडली नाही.

रविवारी मोहिनीताई आली. तिच्याआधी अर्धा तास हौशीराम टेप घेऊन आला होता, कारण चांगल्या जागा लवकर जातात असं त्याचं मत होतं. ताई गाडीत बसली. चिमाजीनं किल्ली फिरवली.

"चालू करा ना काका," ताई म्हणाली.

"चालू हाय."

ताईनं दातांवर दात ठेवून बघितले. मग स्टिअरिंगवर हात ठेवला. चिमाजीनं मागं चहाचा ग्लास ठेवला, साय धरली, आणि तो ग्लास त्यानं खिडकीतून तिच्या हातात दिला.

"हे बाबा सांगायचे," ताई म्हणाली. "मला वाटायचं, वाढवून सांगतात." तिनं एक घोट घेतला आणि तोंड वेडंवाकडं केलं. "कमीच सांगितलं होतं." पण ग्लास रिकामा करूनच परत दिला. हौशीरामनं टेप खिशात घातली आणि कुठं जुनी रिक्षा मिळते का, ते चिमाजीला हळूच विचारलं.

गाडीचं तोंड शेडच्या आत होतं. ताईनं गिअर इकडं हलवला, तिकडं हलवला, आणि काचेतून समोरच्या भिंतीकडं बघत बसली.

"काका," ती म्हणाली, "रिव्हर्स सापडत नाहीये."

"ते तुमच्या घरात कुनालाच सापडत न्हाई," चिमाजी म्हणाला. त्यानं तिला बाजूला सरकायला लावलं, गाडी मागं घेतली, फाटकातून वळवून रस्त्यावर सरळ उभी केली आणि उतरला. "आता पुन्यापत्तोर पुढंच जायाचं." गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी तो बोटांची पेरं मोजत उभा होता. पाच भरत होती.

दुसऱ्या दिवशी चिमाजी जुन्नरला गेला, हातात डबा घेऊन. डबा लंकाबाईनं दिला होता. उस्ताद खाटेवर बसले होते. वर पंखा चालू होता आणि खरोखरच आवाज करत होता.

"गेली?" उस्तादांनी विचारलं.

"गेली. ताईंचा फोन आला व्हता. सिग्नलला उभी ऱ्हाती म्हनल्या, थरथरत न्हाई."

उस्तादांनी मान हलवली आणि डबा उघडला. साबुदाण्याची खिचडी, वर शेंगदाण्याचं कूट, बाजूला लिंबाची फोड.

"भाऊ, यांना सांगा तुमी," अनवरीभाभी आतून म्हणाली. "सकाळधरनं सांगतीय, पंखा बघा, बेरिंग गेलीय. आता कान आलाय ना परत?"

उस्तादांनी पंख्याकडं एकदा बघितलं, आणि डबा जवळ ओढला.

"आज सोमवार हाय," ते म्हणाले.